शेतातली आल

वृक्षबाग, सावरखिंड, जिल्हा पुणे
१२ ऑगस्ट १९२७

मेहेरबान इद्रिस रंगारी, नंदुरबार, अथवा त्यांचे वारस यांस,

स. न. वि. वि. आपली ओळख नाही, तरी लिहितो. मी येथील वृक्षबागेचा व्यवस्थापक आहे. इथले जहागीरदार अण्णासाहेब यांना झाडांचा नाद. ऐंशी एकर माळावर त्यांनी देशातली नाना जातींची झाडे लावली, प्रत्येकाला नावाची पाटी. फळासाठी नव्हे, लाकडासाठीही नव्हे. पाहणाऱ्याला पाहता यावीत आणि एखादी जात कुठे नाहीशी झाली तर ती निदान इथे सापडावी, एवढ्यासाठी. झाडे येतात ती पत्रांतून. वनखात्यातली माणसे, वैद्य, शाळामास्तर, दुसऱ्या बागांचे व्यवस्थापक यांच्याकडे मी बी मागतो, आमचे त्यांना पाठवतो, आणि जमेल तिथे स्वतः जाऊन पाहतो. एकवीस वर्षे हेच करीत आहे.

आमच्याकडे आलीच्याच जातीची रानातली बारतोंडी आहे. परंतु खानदेशात पूर्वी रंगाच्या मुळीसाठी शेतात पेरीत ती बारीक पानांची आल आमच्याकडे नाही. सहा वर्षे शोधतो आहे. दोन ठिकाणी ‘आल पाठवा’ म्हणून लिहिले, तर दोन्हीकडून पार्सलने आले आले, तेही कुजलेले.

अण्णासाहेबांच्या कपाटात लाल खारव्याच्या जाड कापडाचा एक तुकडा आहे. चिठ्ठीवर ‘आलीचा रंग. इद्रिस रंगारी, नंदुरबार. १८८४’ असे आहे. त्रेचाळीस वर्षांनी तो काल रंगवल्यासारखा दिसतो. म्हणून हे पत्र. आपल्याकडे आल कोणी लावतो काय? एखादे झाड शिल्लक आहे काय?

आपला,
भार्गव सदाशिव खांबेटे


नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश
२ सप्टेंबर १९२७

खांबेटेसाहेबांना युसुफ इद्रिस रंगारी याचा सलाम.

तुमचं पत्र टपालवाल्यानं तीन घरं फिरवून माझ्याकडे आणलं. वालिदसाहेब जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्या नावानं पत्र आलेलं पाहून मी ते दोन दिवस फोडलंच नाही. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलो, चूकभूल माफ करावी.

साहेब, आल आता नाही. ती तीन वर्षं शेतात ठेवावी लागते आणि मग मुळासकट खणावी लागते. रंग मुळीच्या सालीत असतो, म्हणजे रंग काढला की झाड गेलं. झाड राखलं तर पाच-सहा वर्षांत मुळी लाकूड होते, रंग निघून जातो. विलायती रंगाच्या पुड्या आल्यावर तीन वर्षं कोण थांबणार? मी स्वतः शेवटची आल रंगवली त्याला तीस वर्षं झाली. नंतर पुडीचंच काम केलं, आता तेही बंद. रांजण अंगणात पालथे आहेत.

माझी बायको बिबीजान तापाच्या साथीत गेली. दोघं मुलगे अमदाबादेस गिरणीत आहेत. मुलगी रशिदा बऱ्हाणपुरास दिली आहे, ती सुखात आहे.

रनाळ्याच्या नथ्थू पाटलांकडे त्यांच्या आजोबांच्या वेळी आल असे. बांधावर एखादं झाड राहून गेलं असलं तर दिवाळीनंतर शेवटची फळं मिळतील. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. तुम्ही याल तर बरोबर येईन.

युसुफ


सावरखिंड, ९ डिसेंबर १९२७

रा. युसुफभाई यांस सप्रेम नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. जळगावला गाडी तीन तास उशिरा आली, पण फळांचा डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे पाहणीची नोंद वहीत केली आहे. नक्कल पाठवतो. चुकले असेल ते दुरुस्त करून कळवा. पुढे कोणी हे झाड पाहील तेव्हा त्याला एवढाच आधार राहणार.

“दिनांक २२ नोव्हेंबर. नंदुरबारहून बैलांच्या दमणीने रनाळे. सोबत युसुफ रंगारी. चार शेते पाहिली, तीन झाडे निघाली, तिन्ही रानबारतोंडी. चौथे नथ्थू पाटलांच्या विहिरीजवळ. उंची सुमारे अठरा फूट, पान अरुंद. युसुफ रंगारी यांनी बोटाएवढी कोवळी मुळी उकरली, साल नखाने सोलली. आत हळदीसारखा पिवळा रंग. मालकाच्या पानाच्या डब्यातला चुना लावताच तो गर्द लाल झाला. हीच शेतातली आल. फळे एकोणीस मिळाली.”

पाटील शेजारी उभे राहून जे म्हणाले ते वहीत घातले नाही, पण माझ्या कानात आहे: “दोन म्हातारा झाडनी मुळीले चुना लाई ऱ्हायनात! गावमा सांगं ते कोनले खरं वाटाव नही.”

युसुफभाई, तुम्ही मूठभर बी मागून घेतलेत, कशाला ते मी विचारले नाही. बी तुमचेच आहे.

आणखी एक. माझी बायको वारली, मूल नाही. बागेत माळी आहेत, ते संध्याकाळी गावात जातात. इथे मी झाडांशी बोलतो असे लोक म्हणतात, ते खोटे आहे. झाडांशी काय बोलणार? त्या दोन दिवसांत मी जेवढे बोललो तेवढे गेल्या वर्षभरात बोललो नसेन. घसा बसला होता.

आपला,
भार्गव खांबेटे


नंदुरबार, ४ जानेवारी १९२८

खांबेटेसाहेब,

नोंद वाचली. दोन दुरुस्त्या. फळं एकोणीस नव्हती, एकवीस होती, दोन पाटलांच्या म्हशीनं खाल्ली. आणि ‘मालकाच्या पानाच्या डब्यातला’ असं नको. पाटील म्हणाले, सरकारात गेलं तर पान खातो म्हणून नाव होईल. मी सांगितलं, हे सरकार नाही, बाग आहे. ते म्हणाले, “लिखेल ते लिखेल. खोडाले सांग.”

फळं कुजवून बी धुऊन ठेवा. काळं, हलकं बी निघेल. मृगात पेरा, त्याआधी नको. पाटलांनी मला बांधाजवळ एक तुकडा दिला आहे. कशाला, ते त्यांनाही सांगितलं नाही.

तुमचा घसा आता बरा असेल.

युसुफ


नंदुरबार, १९ ऑगस्ट १९२८

साहेब,

अकरा रोपं आली! दोन बोटं उंच आहेत. मी दर शुक्रवारी नमाजनंतर रनाळ्यास जातो. पाटलांची कारभारीण नर्मदाबाई हसते, म्हणते, “युसुफभाऊनं सासर व्हयनं हाई.” तुमच्याकडे किती आली?

युसुफ


सावरखिंड, २७ फेब्रुवारी १९२९

प्रिय युसुफभाई,

उत्तराला फार उशीर झाला, माफी असावी. आमच्याकडे चार जगली. वहीतला क्रमांक एक हजार एकशे बारा. उगवतीच्या बाजूला, टाकीखाली लावली आहेत, पाणी चुकत नाही. पाटीवर तुमचे आणि नथ्थू पाटलांचे नाव आहे. पानाच्या डब्याचा उल्लेख काढून टाकला आहे.

अण्णासाहेबांची प्रकृती ठीक नसते. हल्ली ते खुर्चीतूनच बाग पाहतात. बाकी सर्व ठीक.

आपला,
भार्गव


नंदुरबार, ११ ऑक्टोबर १९२९

साहेब,

वाईट बातमी आहे. विहिरीजवळचं ते झाड गेलं. मुळ्यांनी विहिरीचं बांधकाम फुगवलं, दोन दगड आत पडले. मी पाटलांपुढे हात जोडले. ते म्हणाले, “झाड ऱ्हायनं ते ईहीर जाई. सांग, पोरंसोरं काय पितीन?” कुऱ्हाड चालली तेव्हा मी तिथंच होतो. खोडाची मुळी सोलून पाहिली, आत पांढरं लाकूड, रंगाचा थेंब नाही.

माझी नऊ राहिली आहेत, दोन वाळवीनं खाल्ली. पण तुमच्याकडे चार आहेत, पाटी लावून, टाकीच्या पाण्यावर. म्हणून झोप लागते.

युसुफ


सावरखिंड, ३० नोव्हेंबर १९२९

प्रिय युसुफभाई,

विहिरीजवळच्या झाडाचे वाचून वाईट वाटले. पाटलांचा दोष नाही. आपली चार झाडे माझ्या छातीइतकी उंच झाली आहेत. काळजी नसावी.

आपला,
भार्गव


नंदुरबार, १० जानेवारी १९३१

भार्गवसाहेब,

वर्षभरात तुमची तीनच पत्रं आली आणि तीनही चार ओळींची. कामाचा बोजा असेल. पण आज मला लांब लिहायचं आहे. तीन वर्षं जे सांगितलं नाही ते सांगतो.

माझी रशिदा सुखात आहे असं मी लिहिलं होतं. खरं म्हणजे ती कशी आहे ते मला माहीत नाही. १९१९ साली तिचा निकाह झाला. लहानपणापासून तिला मी सांगत आलो होतो, तुझी ओढणी आलीची करीन, नातवंडांपर्यंत रंग जाणार नाही. निकाह आला तेव्हा आल कुठली? तिची आई आदल्याच वर्षी गेली होती, मला सुचत नव्हतं. मी पुडीत रंगवून दिली आणि सांगितलं, हीच आलीची. सासरचे बऱ्हाणपूरचे विणकर. पहिल्याच धुण्यात पाणी लाल झालं. तिची सासू चार बायांसमोर म्हणाली, रंगाऱ्याची मुलगी खोटा रंग घेऊन आली. हे मला महिन्याभरानं दुसऱ्याकडून कळलं.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. बारा वर्षं झाली. मीही गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? रिकाम्या हातानं जायचं नाही, खरा रंग घेऊनच जायचं, असं मनाशी ठरवलं होतं, आणि खरा रंग जगात राहिला नव्हता. मग तुमचं पत्र आलं.

तीन पावसाळे झाले. मुळी बोटाएवढी जाड आहे, हीच वेळ. आणखी वर्ष गेलं तर रंग उतरायला लागेल. उद्या खणतो. एका ओढणीला नऊही लागतील. नथ्थूभाऊ म्हणाले, “एक ते ऱ्हावू दे रे युसुफ.” मी म्हटलं, भाऊ, साहेबांकडे चार आहेत, तिथं ती माझ्यापेक्षा सुखरूप आहेत.

दुवा करा.

युसुफ


सावरखिंड, १४ जानेवारी १९३१

युसुफभाई,

तुमचे पत्र आत्ता मिळाले. खणले नसेल तर थांबा. एक तरी झाड ठेवा. तुमच्या पाया पडतो.

मी तुम्हाला फसवले. अण्णासाहेब एकोणतीसच्या ऑक्टोबरात वारले. मुलांना बागेत रस नाही. त्यांनी माळ वीटभट्टीवाल्याला दिला. त्याच दिवाळीनंतर तोड सुरू झाली, टाकीच्या बाजूने. मी त्या माणसांना पाट्या वाचून दाखवल्या. ती बिचारी थांबून ऐकत, आणि ऐकून झाले की कुऱ्हाड उचलत. क्रमांक एक हजार एकशे बारा, आपली चारही झाडे, पहिल्याच दिवशी गेली.

हे तुम्हाला कळवायला चौदा महिने होते. दर वेळी लिहायला बसलो. पण तुम्ही ‘झोप लागते’ असे लिहिले होते. आणि दुसरे कारण लाजेचे आहे: बाग नाही असे कळवले तर तुम्ही मला पत्र कशाला लिहाल?

थांबा. अजून खणले नसेल तर थांबा.

भार्गव


सावरखिंड, ८ मार्च १९३१

युसुफभाई,

उत्तर नाही. म्हणजे खणले. राग असेल तर तो लिहा, पण लिहा. मी अजून जुन्याच खोलीत आहे. मेअखेर ती सोडायची आहे.

भार्गव


नंदुरबार, ६ एप्रिल १९३१

भार्गवभाऊ,

तुमचं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा मुळ्या अंगणात वाळत पडल्या होत्या. नऊच्या नऊ. मी पत्र वाचलं आणि त्यांच्याशेजारी बसून राहिलो. राग आला, खोटं बोलणार नाही. तीन दिवस तुमचा, मग माझा. नथ्थूभाऊंनी सांगितलं होतं ते ऐकलं असतं तर झालं असतं. तुमची चारही गेली हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. बांधावरून जाताना ते दुसरीकडे बघतात, म्हणजे कळलं असावं.

मग विचार केला, खणलेलं परत लागणार नाही. कापड एरंडेलात आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवलं, धुतलं, वाळवलं, पुन्हा मुरवलं. हिरडा, तुरटी. हात सगळं विसरले असतील असं वाटत होतं, पण ते काही विसरले नव्हते. सव्वा महिना लागला. भाऊ, असा लाल मी जवानीतही काढला नव्हता. बघायला कोणी नव्हतं. शेजारच्या भिकुबाईला हाक मारून दाखवला, ती म्हणाली, चांगला शे, आणि दळण घेऊन गेली.

मार्चच्या शेवटी बऱ्हाणपुरास गेलो. दार रशिदानंच उघडलं. केसांत पांढरं आलं आहे तिच्या. मी सलामही न करता गाठोडं सोडलं आणि ओढणी पुढे धरली. म्हटलं, “बेटा, ही खरी आहे. धुऊन बघ.”

तिनं खरंच परात आणली. पाणी ओतलं, ओढणी बुडवली, दोनदा पिळली. पाणी होतं तसं राहिलं. तिनं ती झटकून दोरीवर टाकली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, “अब्बा, ती पुडीची आहे हे मला मांडवातच कळलं होतं. मी रंगाऱ्याची मुलगी नाही का? सासू महिनाभर बोलली आणि विसरली. ती जाऊनही सहा वर्षं झाली.”

मी म्हटलं, “मग तू आली का नाहीस?”

ती वळली. “मैं आती? बेटी खुद चलके आती है क्या? आप लेने क्यों नहीं आए? दर ईदेला सगळ्या बायांना कोणी ना कोणी न्यायला येत होतं. मी दारात बसत होते. दोन वर्षं बसले, मग बसणं सोडलं.”

भाऊ, बारा वर्षं मी रंग शोधत होतो.

तेवढ्यात आतून सहा वर्षांची पोर आली. रशिदानं हाक मारली, “बिबीजान, इकडे ये, हे नाना.” मला कुणी सांगितलं नव्हतं, रशिदानं पोरीला आपल्या आईचं नाव ठेवलं आहे म्हणून. पोर माझ्या लाल बोटांकडे बघत होती, जवळ आली नाही.

चार दिवस राहिलो. रशिदा फार बोलली नाही, पण रोज ताजी भाकरी केली. निघताना म्हणाली, “बकरीदला न्यायला या.”

तर असं झालं. आपल्या दोघांच्या हातून आल संपली. तुम्ही पत्र लिहायला घाबरलात आणि मी माणसाकडे जायला घाबरलो. मला तुमचा राग नाही. खोली सोडल्यावर कुठं जाणार? इथं माझं घर रिकामं आहे. या.

युसुफ


सावरखिंड, २० एप्रिल १९३१

युसुफभाई,

तुमचे पत्र तीनदा वाचले. त्यावर काय लिहावे ते कळत नाही, म्हणून मला कळते तेवढेच लिहितो.

आमच्या धंद्याचा रिवाज आहे: नवे बी आले की थोडे दुसऱ्या बागांना पाठवायचे. अठ्ठावीस साली आलीचे बी मी सहा ठिकाणी पाठवले होते. रोजच्या टपालात जाते तसे गेले, म्हणून त्याची आठवणही राहिली नव्हती. जानेवारीत सहाही ठिकाणी पत्रे टाकली. तिघांनी कळवले, उगवले नाही. दोघांचे उत्तर नाही. मद्रासेकडच्या एका बागेतून काल कार्ड आले. एक झाड आहे, कमरेइतके. पाटीवर बारतोंडी असे चुकून लिहिले आहे. मी तुमच्या चुन्याची परीक्षा त्यांना लिहून पाठवली आहे. तिथले व्यवस्थापक तरुण दिसतात, अक्षर घाईचे आहे. ते करून पाहतील किंवा नाही. आपण दोघेही ते झाड पाहणार नाही, पण ते आहे.

तुमच्या आमंत्रणाबद्दल आभारी आहे. जमेल तेव्हा जरूर येईन. सध्या पुण्यात एखादी खोली पाहीन म्हणतो. एकट्याला जागा किती लागते? पुस्तके आणि वाळवलेल्या पानांचे गठ्ठे कोणाला तरी देऊन टाकीन. तुम्ही काळजी करू नये. माझे सर्व ठीक आहे.

आपला,
भार्गव


नंदुरबार, ५ मे १९३१
(कार्ड)

भार्गवभाऊ,

बकरीदला रशिदाला आणि नातीला घेऊन आलो. पोर काल पालथ्या रांजणावर चढून बसली होती.

‘जमेल तेव्हा येईन’ आणि ‘सर्व ठीक आहे’, ही तुमची वाक्यं मला आता वाचता येतात. म्हणून गुरुवारच्या गाडीनं मी निघतो. जळगावला बदलून शुक्रवारी तुमच्याकडे पोहोचेन. गठ्ठे कोणाला देऊ नका, बांधून ठेवा; पेट्या मी उचलीन. माझ्या घरच्या जेवणाचा विचार करत असाल तर नथ्थूभाऊंनी नंदुरबारातल्या त्यांच्या भाच्याकडे सोय लावली आहे. म्हणाले, “साहेबले सांग, आठे काय उपाशी ऱ्हावाव नही.”

नको म्हणून पत्र टाकू नका. ते इथं येईल तेव्हा मी गाडीत असेन.

युसुफ